सातवा भाऊ

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. विषय घरचाच आहे, त्यामुळे नातेवाईक मंडळींनी वाचून काही चुकलं असेल तर फोन करावा. (काका, तुम्ही तर नक्कीच करणार!)

माझ्या आत्याने काढलेलं एक तैलचित्र सध्या आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. साधारण अडीच फूट बाय दोन फूट. मागे फळीवर पेन्सिलने लिहिलंय, 'खडकी, मार्च १९७७'. आतोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि त्यांच्या क्वार्टरला मागे ऐसपैस परस होतं. एक शेवगा, धुण्याचा दगड, सदा गळणारा नळ, कपड्यांची तार. चित्रात हे एवढंच आहे. आणि पक्षी. पण पक्षी म्हणजे कॅलेंडरवर असतात तसे चोच-डोळा-पंख असलेले नव्हेत, नुसते फटकारे. नळाखालच्या डबक्याशी करड्या रंगाचे काही, तारेवर तपकिरी ठिपके, शेवग्याच्या फुलोऱ्यात एक चकाकता जांभळा-काळा शिंतोडा. जवळ जाऊन पाहिलं तर काहीही कळत नाही. सहा पावलं मागे गेलं की परस जागं होतं.

आमच्या घरात या चित्राला एक नाव होतं, 'मोतीबिंदूचं चित्र'. थोरल्या काकांनी कुठेतरी वाचलं होतं की क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला मोतीबिंदू होता आणि म्हणून त्याची चित्रं अशी धुरकट. पुढे आत्यालाही मोतीबिंदू झाला. झालं! दोन्हींची सांगड बसली आणि लग्नकार्यात, पंक्तीत, हा विनोद तीस वर्षं चालला. आत्या हसायची. तिने कधी उलट उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. २००९ मध्ये ती गेली. चित्र आतेभावाच्या घरी गोदरेजच्या कपाटामागे चादरीत गुंडाळून पडलं होतं, ते दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी जरा शोधाशोध करतोय. हा लेख त्याचा.

आधी खडकीबद्दल. आपण पुणेकर खडकी म्हटलं की ५ नोव्हेंबर १८१७ची लढाई सांगतो. त्या दिवशी संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली, एल्फिन्स्टनची पुस्तकं त्यात खाक झाली, तो स्वतः नदी ओलांडून खडकीच्या छावणीत गेला. बापू गोखले गणेशखिंडीच्या बाजूने चालून आले, बाजीराव पर्वतीवरून बघत राहिले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूने देशी पलटणीबरोबर लढलेल्यांत एक सत्तावीस वर्षांचा अधिकारी होता, विल्यम हेन्री साइक्स. लढाईत त्याने काय केलं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पुढे १८२४ साली कंपनी सरकारने त्याला दख्खनची मोजदाद करायच्या कामावर नेमलं. पिकं, पाऊस, हवा, माणसं, सगळ्याची. त्या निमित्ताने हा गृहस्थ काही वर्षं आपल्या मुलखातून हिंडला आणि सरकारी आकड्यांबरोबर पक्षीही गोळा करत गेला. गोळा म्हणजे बंदुकीने. तेव्हाची रीतच तशी. पक्षी मारायचा, कातडं सोलून भरायचं, मापं घ्यायची, रंग लिहायचे. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कामकाजात त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. दोनशेच्या वर जाती.

ती यादी हातात घेऊन परसात बसलं तर गंमत वाटते. झुडपात शेपटी उभी करून चिवचिवणारा राखी वटवट्या, शास्त्रीय नाव देणारा साइक्स. साधा वटवट्या, तोच. नदीकाठी अंग चोरून उभा राहणारा आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र होणारा वंचक, तोही त्याचाच. एका चंडोलाला त्याने 'देवा' असं नाव ठेवलं आणि एका छोट्या वटवट्यासारख्या पाहुण्या पक्ष्याला 'रामा'. का ठेवलं असेल? बरोबरचा एखादा शिपाई उडणाऱ्या पक्ष्याकडे बघून 'देवा!' म्हणाला असेल, असं आपलं मला उगीच वाटतं. याला पुरावा काही नाही.

आणि सातभाई. आपल्याकडे दिसणारे जे मोठे करडे सातभाई आहेत, त्यांना साइक्सने मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या नावावरून 'माल्कमी' असं नाव दिलं. म्हणजे बघा, ज्या माल्कमपुढे १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, त्याचं नाव घेऊन हे पक्षी आपल्या परसात धुण्याच्या दगडाशी कलकलाट करत असतात. त्यांना अर्थातच पत्ता नाही. इंग्रजीत या पक्ष्यांना 'सात बहिणी' म्हणतात. आत्याला हे आतोबांनी कुठूनतरी सांगितलं होतं आणि तिला ते फार आवडलं होतं. "भाऊ असते तर एवढं बोलले असते का?" असं ती म्हणायची.

आता चित्रकलेकडे. पुण्यात पाश्चात्त्य धाटणीची चित्रकला तशी जुनी. सवाई माधवरावांच्या काळात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील इथे होता. त्याच्या पुढाकाराने पुण्यात एक चित्रशाळा निघाली आणि जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार इथे काम करू लागला. नाना फडणवीसांचं जे तैलचित्र आपण पुस्तकांत पाहतो ते वेल्सच्या हातचं. त्याच्या बरोबर काम करणारा पुण्याचा माणूस म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. याने वेरूळची लेणी कागदावर उतरवली आणि पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला, १७९० साली. ती चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबटाने तांबट पक्षी काढला होता का, हे मी फार उत्सुकतेने शोधलं... तसं काही हाती लागलं नाही. असो.

मुद्दा असा की गंगारामचा गेंडा काय आणि साइक्सची यादी काय, दोघांची नजर एकच. समोर वस्तू आहे, ती स्थिर आहे, तिचं अंग न् अंग बघा आणि लिहून ठेवा. पुढे १८५७ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल निघालं, तिथेही बरीच वर्षं हेच शिकवलं गेलं. हुबेहूब. आपल्याकडे चित्र चांगलं म्हणजे 'अगदी खऱ्यासारखं' ही जी समजूत घट्ट बसली आहे ती तिथून आली असावी. आजोबांचीही तीच होती. आत्याने हे चित्र माहेरी दाखवायला आणलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "सावली जांभळी असते होय?"

ती जांभळी सावली कुठून आली त्याची गोष्ट फ्रान्समधली. तैलरंग पूर्वी चित्रकार घरी खलायचे आणि डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे. ते घेऊन रानात बसायचं म्हणजे केवढा खटाटोप. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी पत्र्याची पिळायची नळी काढली. टूथपेस्टची असते तशीच, टूथपेस्टच्या आधी! मग चित्रकार घराबाहेर पडले. उन्हात बसून चित्र काढायचं तर ऊन थांबत नाही, म्हणून हात भराभर चालवायचा, रंग फार न मिसळता शेजारी शेजारी ठेवायचे. मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्याने करायचं. आणि उघड्यावर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सावली काळी नसते. पिवळ्या उन्हाशेजारची सावली निळी-जांभळी दिसते. (पटत नसेल तर मार्च महिन्यात दुपारी चुन्याच्या भिंतीवर पडलेली झाडाची सावली नीट बघा. भिंत पांढरीच हवी, हल्लीची क्रीम नको.)

मोनेने १८६८-६९च्या हिवाळ्यात एक चित्र काढलं. सगळीकडे बर्फ, काठ्यांचं एक कुंपण, त्याच्या फाटकावर बसलेला एकच काळा-पांढरा पक्षी. मॅगपाय. आपल्या टकाचोराच्या गोतातला, कावळ्याच्या कुळातला. कुंपणाची बर्फावर पडलेली सावली निळसर आहे. पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाने १८६९ मध्ये ते चित्र परत पाठवलं. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे आणि लोक त्याच्यापुढे गर्दी करून उभे राहतात. १८७४ मध्ये या मंडळींनी आपलं वेगळं प्रदर्शन भरवलं, तिथे त्यांना टिंगलीतूनच 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. मराठी विश्वकोशात यालाच दृक्प्रत्ययवाद म्हटलंय. शब्द बोजड आहे पण अर्थ नेमका आहे. डोळ्याला जसं प्रत्ययाला येतं तसं.

हे वारं आपल्याकडे कसं आलं? पुस्तकांतून, छापील चित्रांतून, आणि काही वेळा बहुधा न येताच. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे.मध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या पदरी. ते कोटितीर्थाच्या काठी राहून त्या तळ्याची, पाण्याची, सकाळ-संध्याकाळच्या प्रकाशाची चित्रं काढत राहिले. मूळ फ्रेंच चित्रं त्यांनी पाहिली असण्याचा संभव कमीच, पण पाण्यावरचा उजेड ठिपक्याठिपक्यांनी पकडायचा हे त्यांनी आपलं आपण साधलं. १९३१ साली ते गेले. आपली बरीच चित्रं त्यांनी स्वतःच्या हाताने तळ्यात सोडून दिली असं कोल्हापुरात सांगतात. दुसरी वाट इंदूरची. तिथे दत्तात्रय देवळालीकर मास्तरांनी चित्रशाळा चालवली आणि पोरांना उघड्यावर बसवून जाड रंगात, रुंद फटकाऱ्यांत निसर्गचित्रं काढायला लावली. ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी हे सगळे त्याच मुशीतले. बेंद्र्यांच्या प्रदर्शनाचं एक माहितीपत्रक आत्याच्या ट्रंकेत सापडलं. तिने ते कुठून मिळवलं कोण जाणे. पण कडेने पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत, म्हणजे ते नुसतं जपून ठेवलेलं नव्हतं.

आत्याचं शिक्षण म्हणाल तर इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा, 'ए' ग्रेड. शाळेच्या ड्रॉइंगच्या बाईंनी घरी येऊन सांगितलं होतं की हिला कलाशाळेत घाला. आजोबा म्हणाले बघू. मग मॅट्रिक झालं, मग स्थळ आलं. आजोबांना दोष द्यावा असं नाही, त्या काळी आमच्यासारख्या घरांत बहुतेक असंच व्हायचं. पुढची पंचवीसेक वर्षं तिने रांगोळ्या काढल्या, भरतकामाचे नमुने काढून दिले, आमच्या प्रकल्पांच्या वह्या सजवल्या. आणि वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आतोबांच्या बोनसमधून कॅनव्हास आणि कॅम्लिनच्या नळ्या आणल्या. काळ्या रंगाची नळी तिने घेतलीच नव्हती. हे आतेभावाला आठवतं, कारण दुकानदाराने दोनदा विचारलं होतं आणि त्याला लाज वाटली होती!

त्याच्याच आठवणीप्रमाणे ती महिनाभर रोज सकाळी पहिला भोंगा झाला, आतोबा गेले, की मागच्या दारात पाटावर बसायची. साडेनऊला ऊन दगडावरून सरकलं की बंद. पक्षी तर तेवढेही थांबत नाहीत. चिमण्या येऊन जायच्या, शिंजीर शेवग्याच्या एका फुलावर क्षणभर, की गेला. साइक्ससाहेबांकडे बंदूक होती, त्यांना घाई नव्हती. आत्याकडे गळका नळ होता. त्या नळाची तक्रार द्यायला म्हणे तिने आतोबांना महिनाभर मनाई केली होती.

आता मोतीबिंदूचं. मी तारखा लावून पाहिल्या. चित्र १९७७चं. आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन १९९४चं, आणि दिसायला त्रास त्याआधी दोन-तीन वर्षं. म्हणजे मध्ये चौदा-पंधरा वर्षांचं अंतर आहे. मोनेचं बघाल तर त्याला मोतीबिंदूचं निदान झालं १९१२ मध्ये, ऑपरेशन १९२३ मध्ये. काकांनी वाचलेली गोष्ट त्या मधल्या काळातल्या चित्रांची. पण बर्फातल्या पक्ष्याचं चित्र काढताना तो अठ्ठावीस वर्षांचा होता, डोळे ठणठणीत. शिवाय मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळं-तपकिरी होतं आणि आधी निळा-जांभळा दिसेनासा होतो. मोनेच्या त्या काळातल्या चित्रांत म्हणूनच लाल-तपकिरी माजलंय. आत्याच्या चित्रात जांभळी सावली आहे, आणि दगडाची वेगळी, शेवग्याची वेगळी. ज्याला जांभळा दिसत नाही तो दोन जांभळे कसे लावणार?

हे झालं तर्काचं. पण खरी गोष्ट पुढेच घडली.

चित्र माझ्याकडे आलं तेव्हा सगळं पिवळट-हिरवट झालं होतं. आकाश तर वरणासारखं. फ्रेमवाल्याने सल्ला दिला, साबणाच्या पाण्याने पुसा, नाहीतर बटाटा चोळा. मी बटाटा कापलाही होता, खोटं कशाला बोला! पण आधी ओळखीच्या एका जाणत्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, हात लावू नका. तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचं, आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं. आणि अंधारात वर्षानुवर्षं राहिलं तर पिवळं पडतं. हे पिवळेपण बरंचसं उजेडात जातं. थेट ऊन नको, नुसता उजेड द्या आणि वाट बघा.

मग मी ते उत्तरेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. पहिले दोन महिने काहीच नाही. तिसऱ्या महिन्यात आकाश जरा निवळल्यासारखं वाटलं, पण मन आपल्याला हवं ते दाखवतं म्हणून मी सोडून दिलं. पाचव्या महिन्यात मात्र बायकोनेच विचारलं, हे पुसलंस का?

चित्रात डबक्याशी करडे फटकारे सहा आहेत. आम्ही पोरं लहानपणी मोजायचो आणि आत्याला चिडवायचो, सातभाई आहेत ना, मग सातवा कुठाय? ती म्हणायची, "आहे. नीट बघा." आम्हाला वाटायचं टाळतेय. तर त्या निवळलेल्या चित्रात, वरच्या उजव्या कोपऱ्यात, तारेच्या पलीकडे, जिथे नुसतं मळकं आकाश होतं तिथे एक लांबट करडा फटकारा दिसायला लागला. आणि त्याच्या मागच्या टोकाला दोन्ही कडांना दोन बारीक पांढऱ्या रेघा. पिवळेपणात त्या पूर्ण बुडाल्या होत्या.

मी पक्ष्यांचं पुस्तक काढलं. आपल्याकडे सातभाई दोन-तीन प्रकारचे. बसलेले असताना ओळखायला जरा कठीणच. पण साइक्सचा तो मोठा करडा सातभाई उडाला की शेपटीच्या बाहेरच्या कडेची पिसं पांढरी दिसतात, हीच त्याची खूण. बसल्यावर सहसा लक्षात येत नाही. डबक्यावरच्या सहांपैकी एकालाही तिने पांढरं लावलेलं नाही. उडणाऱ्याला लावलंय.

सातवा उडून चालला होता.

मी काकांना फोन केला. त्यांचं वय आता शहाऐंशी, ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं दोनदा सांगावं लागलं. तारखा, जांभळा रंग, शेपटीची पांढरी पिसं. ऐकून घेतलं त्यांनी. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "तिने सांगितलं का नाही मग?" मी काय सांगणार.

गेल्या महिन्यात ते स्वतः आले, चित्र बघायला. भिंतीपासून आधी अगदी जवळ, मग मी सांगितलं म्हणून सहा पावलं मागे. बोटाने मोजले. सात. मग काठी उचलून शेवग्याच्या वरच्या फांदीकडे दाखवलं. तिथे एक हिरवट ठिपका आहे, त्यावर कणभर लाल. "आणि हा कोण?"

मला वाटतं तांबट असावा, कपाळावर लाल टिळा असतो त्याच्या. काकांचं म्हणणं पोपट. आतेभावाला फोटो पाठवलाय, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.